परातीएवढा बर्फ

साडेपाचला वेण्णेच्या काठावर
आरिफ डांगे माझ्या चाकांतली हवा काढतोय.
निम्मी. अजून थोडी. अंगठ्यानं दाबून बघतो,
बाजारात पपई दाबून बघावी तसा.
‘मऊ चाक धरून राहतं,’ म्हणतो,
‘टणक चाकाला दवाचं काही पडलेलं नसतं.’
त्याच्या तोंडची वाफ आधी पोचते, शब्द मागून.

काल पेपरात फोटो होता:
होड्यांच्या जेटीवर पांढरी साय,
खाली ओळ, पारा घसरला, हिमकण अवतरले.
पोवई नाक्यावरून मी तेवढ्यासाठी आले,
गाडीच्या टपावर सायकल बांधून,
केळघरचा घाट अंधारात चढत.
वय सेहेचाळीस, उजव्या गुडघ्याला पट्टी,
आणि बँकेत सांगितलंय, चुलत जावेचं बाळंतपण.

लिंगमळ्याच्या पायवाटेला शिरलो.
दिव्याच्या गोलात जांभ्याची वाट
तांबडी नव्हतीच.
गवताच्या पात्यापात्याला मीठ लागलेलं,
जांभळीच्या गळलेल्या पानांच्या कडा
कुणी पांढऱ्या दोऱ्यानं टीप घातल्यासारख्या.
चाकाखाली आवाज
कुरडई मोडावी तसा.
करकर नाही, सळसळ नाही. कुरडई.

ब्रेकवरची बोटं माझी राहिली नव्हती.
दोन हातमोजे, एकात एक, तरी
उतारावर लिव्हर दाबला की नाही
हे मला सायकलकडून कळत होतं.
आरिफ पुढून ओरडला, ‘पुढचा ब्रेक विसर!
नजर लांब ठेव! जिथं जायचंय तिथं बघ,
जिथं पडायचंय तिथं नको!’
मी नेमकं
तिथंच बघितलं.

स्ट्रॉबेरीच्या वाफ्याकडेला
रात्रभर गळलेला एक पाइप,
वाटेतल्या खळग्यात साचलेलं पाणी,
त्यावर बर्फ.
खरा. काचेचा. परातीएवढा.
अख्ख्या जिल्ह्यात, कोयनेपासून माणदेशापर्यंत,
त्या पहाटे तेवढाच असेल,
आणि मी त्यावर.

हँडल डावीकडे, मी उजवीकडे,
मधल्या फटीत
अजून न विझलेला शुक्र दिसला
आणि मनात चक्क आलं, पेट्रोलचे पैसे वसूल.
मग कुल्ला. मग दातांवर दात.
मग बर्फ फुटल्याचा फार गोड आवाज.

वाफ्यावर पसरलेलं गवत काढत होत्या
शेवंता बावळेकर,
डोक्याला मफलर, पायांत नवऱ्याचे बूट.
धावत आल्या नाहीत. लागलं का, तेही नाही.
‘बाजूनं वाट हाय की, बाई,’ म्हणाल्या,
‘बर्फावर कशापायी गेलीस?’
मला उत्तर येत होतं. ओठ जुळत नव्हते.
त्यांनी दोन स्ट्रॉबेऱ्या दिल्या, कडक,
आत थंडीच्या गाठी.
‘ह्या न्हाई जायच्या आता बाजारात. खा.’
कळ गेली पार कानशिलापर्यंत.

नऊला त्याच वाटेनं परत आलो.
आरिफला फोटो हवा होता, मला पुरावा.
वाट तांबडी. खळग्यात चिखल,
चिखलात माझ्या कोपराचा ठसा,
त्यावरून एक कोंबडी चालत गेलेली.
पाइपाला कुणीतरी चिंधी बांधलेली.

संक्रांतीपर्यंत डाग वांग्याच्या रंगाचा झाला.
तिळगूळ देता देता शेजारच्या काउंटरवरून विचारलं,
बाळंतीण कशी आहे?
मी म्हटलं, बरी आहे,
आणि खुर्चीत जरा डावीकडे सरकून बसले.