मगरीचे दात

पावणेनऊला शटर अर्धं ओढलं की
खणभागातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात
एकच मॉनिटर जागा उरतो,
आणि त्याच्यासमोर मी.
दिवसभर लग्नपत्रिका:
गणपती वर, मजकूर मध्ये,
तळाला, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'.
रात्री मात्र माझा खेळ.

खेळ एवढाच
की सांगलवाडीच्या काठावरून नाव निघते
आणि सरकारी घाटाला लागायला हवी.
मध्ये कृष्णा. कृष्णेत मगरी.
कोपऱ्यात आयर्विन पुलावरची फुटांची पट्टी,
पाणी तिच्यावर चढत राहतं.
पंचेचाळीसला खेळ खलास.

हे सगळं डोक्यात.
पडद्यावर आणायचं तर चित्रं लागतात
आणि चित्रं काढायला हत्यार.
भरतेश उपाध्ये पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअरं घेऊन आला,
लग्नाच्या मुलीला स्थळं आणावीत तशी.

पहिलं थ्रीडीचं. फार मोठं घराणं.
त्याला बघूनच दुकानाचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला.
तीन रात्री जागून मी एक कप केला,
कान नसलेला.

दुसरं व्हेक्टरचं, म्हणजे माझं माहेरच.
अठरा वर्षं हेच करतेय, रेघेला धरून वळवायचं.
मगर काढली तर तिच्या शेपटीला
आपोआप वेलबुट्टी फुटली,
वास्तुशांतीला निघाल्यासारखी दिसायला लागली बाई.

तिसरी तयार चित्रं, फुकट,
कुणा लांबच्या भल्या माणसानं वाटलेली.
मगरी देखण्या होत्या,
पण पाणी निळंशार, परक्या नदीचं.
आमची कृष्णा ऑगस्टात
गुळवणीच्या रंगाची असते.

"काकू, मग पिक्सेल घ्या," भरतेश म्हणाला,
"सोळा गुणिले सोळा. दोनशे छप्पन्न चौकोन.
पहिल्या खेळाला बास की."
दोनशे छप्पन्न!
एकेका पत्रिकेत याहून जास्त
आप्तेष्टांची नावं बसवलीत मी.

तरी महिना गेला.
रंग सोळा घ्यावेत की बत्तीस,
काळी कड असावी की नसावी,
कुठल्या सॉफ्टवेअरात काय आहे
याची यादी केली, टेबल घालून,
टेबलाला बॉर्डर लावून.
नावेला नाव ठेवून झालं होतं,
नावच नव्हती.

मग एका रात्री चौगुल्यांची सन्मती आली,
सातवीतली, बापाबरोबर, आत्याच्या पत्रिकेचं प्रूफ न्यायला.
"हे काय हो?"
"काही नाही अजून. पांढरा चौकोन नाव समज,
हिरवे चौकोन मगरी."
ती समजली.
समज म्हटल्याबरोबर समजली.
कीबोर्ड ओढून घेतला,
बाणाच्या बटणांवर बोटं,
आणि पट्टी अडतीसवर गेली तेव्हा
तिनं दोन्ही पाय उचलून स्टुलावर घेतले.
चपला खाली फरशीवर राहिल्या,
एक उलटी.

"चल की, गाडी चालू हाय," बापानं बाहेरून हाक मारली.
"थांबा ओ पप्पा, मगर आलीया!"

ती गेल्यावर मी
भरतेशच्या स्थळांना हात लावला नाही.
मशीनसोबत आलेलं साधं पेंट उघडलं,
ज्यात कधीकाळी झेरॉक्सचे डाग पुसायचे.
आठशे टक्के मोठं केलं.
हिरव्या चौकोनाच्या पुढच्या बाजूला
एक ठिपका पांढरा.
बाजूला आणखी एक, जरा वाकडाच पडला.
तो तसाच ठेवला.

मगरीचे दात मी काढले
आणि मगरीनंही काढले,
त्या एका तिरक्या चौकोनासकट.

साडेदहा झाले.
उद्या पाटगावकरांच्या मुंजीची पत्रिका आहे.
शेपूट परवा.