दुसरी बशी

बशीचं झाकण उघडताना श्वास रोखायचा,
हे मला ओबेइदाबाईंनी शिकवलं.
हवा फार सोसत नाही याला,
थोडकी लागते, बंद पोटात असते तेवढीच.

पास्तोत रात्री नळाचं पाणी बोटं कापतं.
उबवणीपेटीत मात्र सदतीस अंश,
आणि पाचव्या दिवशी आगरवर
दव पडून राहावं तसे ठिपके.

एक बशी रुफीना किन्योनेसची.
तुमाकोच्या खारफुटीत ती गुडघाभर चिखलात
काळे शिंपले चाचपते.
पोटदुखी? म्हणाली, ती श्रीमंतांना होते.
तपासायला आली ती फक्त
नर्सने बसचं भाडं दिलं म्हणून.

दुसरी सेगुंदो कुआस्पुदची.
तुकेरेसच्या उतारावर बटाटे लावतो.
आई पोटानेच गेली, मग थोरला भाऊ.
नळी गिळताना त्याने
टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

दोघांत तोच जंतू, तीच पिळाची काया,
वाचत गेलं तर अक्षरंही बहुतेक तीच.
मी दोन्हींना सारखंच आम्ल दिलं,
थेंब मोजून, घड्याळ लावून,
आणि पाहिलं, आता कोणता जीन बोलतो.

सेगुंदोच्यात तो उसळून उठला.
रुफीनाच्यात हूं की चूं नाही.

वाटलं, हात चुकला.
पुन्हा केलं. पिपेट बदललं, बाटली बदलली,
रविवारी येऊन तिसऱ्यांदा केलं.
तेच.

मग त्या जीनच्या उंबरठ्याशी वाकून पाहिलं:
सी सी सी सी, तोतऱ्याच्या जिभेवर अडकावी तशी
एकाच अक्षराची रांग.
इकडे चौदा, तिकडे पंधरा.
एक अक्षर घसरलं की दार लागतं,
पुढे कधीतरी पुन्हा घसरेल, उघडेलही.
शिवाय अक्षरांवर अनुस्वारासारखी टिंबं,
ज्याची त्याची वेगळी,
टिंब सरकलं की वाचन सरकलं.

ओबेइदाबाई म्हणायच्या, जंतू म्हणजे जंतू.
मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवलंय,
एका वाणावरून,
जो कुठल्या तरी परक्या माणसाच्या पोटातून निघाला
आणि कधीचा बर्फात आहे.

सेगुंदो अहवाल घ्यायला आला
दोन तासांच्या बसने, पिशवीभर बटाटे घेऊन.
माझ्यातला वाईट आहे का?
मी म्हटलं, चौदा दिवस औषध,
एकही गोळी चुकवायची नाही.
त्याने मान हलवली. दारापाशी थांबला.
आणि आईच्यातला?

तिची बशी कुणी ठेवलीच नव्हती.

रात्री बटाटे धुवायला घेतले.
पाणी तीनदा काळं निघालं.