मी व्हिएतनाम होतो

मी व्हिएतनाम होतो.
डोक्यावर उलटी टोपली,
कारण तशी हॅट वाळपईत मिळेना.
आग्नेल बेनिन. कुंदा टांझानिया,
खांद्यावर लेक झोपलेली,
म्हणून तो देश जरा हळू बोलायचा.
बाजाराच्या रस्त्यावर चुन्याने ओढलेला समुद्र.
एक कुत्रं येऊन नेमकं मादागास्करच्या जागी बसलं,
कुणी उठवलं नाही.

उल्हास खुर्चीवर चढला. तो जगाचा बाजार.
बाजाराला तोंड नसतं म्हणून
तोंडावर बिस्किटांचा खोका,
डोळ्यांपुरती दोन भोकं.
"किलोभर काजूगर! फोडून, सोलून कोण देतो?
किती घेणार?"

तालमीत ठरलेलं:
बेनिन चाळीस, मी पस्तीस,
टांझानिया तीस, मी पुन्हा अठ्ठावीस
(माझ्याकडे यंत्रं आहेत, हे छाती काढून म्हणायचं),
आणि वीसवर आलं की घुमट थांबेल,
उल्हास लोकांना विचारील,
आता सत्तरीने काय म्हणावं? या, रिंगणात या.
कुणीतरी यायचं.
कुणीतरी म्हणायचं, पुरे.
होंड्यात म्हणाले होते.
साखळीत तर एका मास्तरांनी भाषणच केलं,
आमची शेवटची बस चुकली.

इथे आली शेवंता माजिक.
नाव नंतर कळलं.
पदराला हात पुसत आली,
जशी कुणी हाक मारल्यावर चुलीपासून उठते.
"ही सत्तरी," उल्हास म्हणाला. "बोला बाई."

"अठरा."

लोक हसले.
मी पंधरा म्हणालो. संहितेत नव्हतं,
पण हरणार कसा, मी देश होतो.
"बारा."
आग्नेलने दहा म्हटलं, ओठातल्या ओठात.
"आठ."
भाजीवालीने तागडी खाली ठेवली.
"पाच."
कुंदाने लेक दुसऱ्या खांद्यावर घेतली,
आणि टांझानिया स्पर्धेतून गेला.
"तीन."
मी गप्प. माझी यंत्रं गप्प.
"बरें, हांव फुकट करतां."
मग तिने खुर्चीकडे हात पसरला.
"जिखलें न्हय? आतां काम दी."

खोक्याच्या भोकांतून उल्हास आमच्याकडे बघत होता,
आम्ही एकमेकांकडे.
काम आम्ही आणलंच नव्हतं.
सामानाच्या यादीत घुमट, खोका, चुना, टोपली,
चार देशांचे कागदी झेंडे,
पाण्याच्या बाटल्या.

हात तसाच.
चिकाने भाजून बोटांची टोकं काळी,
रेशनच्या मशीनला ओळखू न येणारी.
मी माझा हात कधी मागे घेतला, कळलं नाही.
मी पणजीत एका पेढीवर हिशेब लिहितो.
व्हिएतनामातही कुणाची बोटं अशीच असतील,
हे वाक्य माझ्या वाट्याला
शेवटच्या पानावर होतं.
तिच्यासमोर ते म्हणवेना.

मागून कुणीतरी ओरडलं,
"अगो शेवंते, कारखानो मार्चासून बंद न्हय?"
"म्हाका खबर आसा," ती म्हणाली.
"हांकां खबर ना."

मग कदंबा आली, हॉर्न देत,
चाकांना चुना लागला, समुद्र पुसला गेला.
कुत्रं तेवढं वेळेवर उठलं.
आम्ही झेंडे गोळा केले. तीनच सापडले.

नंतर पंधरा दिवसांनी, साखळीच्या स्टँडवर,
बोंडवांच्या वासातून हाक आली:
"ए व्हिएतनाम!"
दोन-चार माणसं वळली. मीही वळलो.
ती पाटी उतरवून कठड्यावर बसली होती.
मला वाटलं, काम विचारील.
तिने विचारलं,
"ती बायल कशी आसा रे?"
कुठली?
"तुज्या देशांतली. जिका काम मेळ्ळें, ती."

मला काहीच माहीत नव्हतं.
मी तसं सांगितलं.
बस लागली, तिने पाटी डोक्यावर घेतली,
पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली,
"विचार तिका.
तिका तरी कितें मेळटा, विचार."