शुद्धिपत्र

"एकेकाला साठ शब्द," संपादक म्हणाले,
"लांबण नको. लोक फोटोच बघतात."
मी मुद्रितशोधक,
काने, वेलांट्या, निसटलेले अनुस्वार एवढंच माझं राज्य.
पण लिहिणारे गुरुजी आजारी पडले
आणि गड्ड्याच्या जत्रेआधी पंधरा दिवस
साखर पेठेत, येनगंदुलांच्या छापखान्यात
शहराची थोर माणसं माझ्या टेबलावर आली
चपलांच्या एका खोक्यातून.

याकूत तोफओते, बादशाही अमलातले.
पहिली तोफ पहिल्याच बाराला फुटली,
दुसरी उडालीच नाही, कारण कुणी चालून आलं नाही.
म्हातारपणी तळ्याकाठी बसून
बैलांसाठी घुंगरं ओतायचे.
चाळीस शब्द तोफांनी खाल्ले.
घुंगरं मी घुसडली.

चन्नमल्लप्पा उंबरजे, मोजणीदार.
सत्तावीस वर्षं रोज सकाळी
वेळूच्या काठीनं तळ्याचं पाणी मोजलं.
वह्या वाळवीनं वाचल्या.
काठी आहे. बाळी वेशीत जाऊन पाहून आलो,
तिच्यावर पणतसुनेची लुगडी वाळत होती.
खुणा अजून बोटाला लागतात.
दुष्काळाच्या सालची खूण
माझ्या घोट्याएवढीसुद्धा नाही.

किष्टय्या गाजुल, रंगारी. तिकडून पायी आला,
पाठीवर मागाची फणी, कडेवर लेक.
त्याचा लाल पन्नास धुण्यांत उतरला नाही.
कृती कुणाला न सांगता गेला, असं खोक्यातला कागद म्हणतो.
नातू म्हणतो, कृती कसली हो,
आमच्या विहिरीचं पाणीच तसं होतं.
विहीर आता बुजवली.
किष्टय्याला छप्पन्न शब्द पुरले.
उरलेले चार दुसऱ्याला देता येतात का
म्हणून विचारलं, तर संपादक हसले.

हमीदाबी नदाफ.
विडीच्या कारखान्यात पेपर वाचून दाखवायची,
म्हणून प्रत्येक बाई तिच्या सुपात
आपल्या वीस विड्या टाकायची.
मराठीत वाचायची, उर्दूत, तेलुगूत,
आणि कानडीत रागवायची.
संपाच्या दिवसांत मालकानं पेपर बंद केला
तेव्हा कोरा कागद धरून तिनं महिनाभर बातम्या वाचल्या.
त्यातल्या दोन पुढे खऱ्या निघाल्या.
फोटो नाही.
चौकट रिकामी दिसते म्हणून
तिथं कमळाचा ठोकळा लावला.

डॉक्टर आगरखेडकरांचा फोटो मात्र मोठा, फेट्यातला.
प्लेगच्या साली गावाबाहेरच्या झोपड्यांत
"एका दाईच्या मदतीने" शेकडो जीव वाचवले.
खोक्याच्या तळाशी त्यांचंच एक कार्ड होतं,
भावाला लिहिलेलं, शाई पिवळी पडलेली:
'मी नाड्या बघतो. बाकी सारे गंगव्वा करते.
काल रात्री तीन झोपड्यांत मरण होते,
चौथीत तिने बाळंतपण केले,
आणि पहाटे मलाच विचारले, तुम्ही जेवलात का.'

गंगव्वाचे साठ शब्द मी लिहिले.
मोजून साठ. खिळे जुळवले, प्रूफ काढलं,
तिच्या नावातला जोडाक्षराचा खिळा झिजलेला
म्हणून बुधवारातल्या दुसऱ्या छापखान्यातून उसना आणला.
गुरुवारी जाहिरात आली, चादरींची, अर्धं पान.
कुणीतरी जायलाच हवं होतं.
संपादक वाईट माणूस नाही.
चष्मा पुसत म्हणाले, "दाईचं काय, पुढच्या वर्षी बघू."

मी 'बरं' म्हटलं.
शुद्धिपत्र मात्र माझ्याकडे असतं.
ते कुणी वाचत नाही,
संपादकही नाही,
आणि त्याला शब्दांची मर्यादा कुणी घातलेली नाही.

पान ७, ओळ ३: 'तोफांचा आवाज' ऐवजी 'घुंगरांचा' वाचावे.
पान १९: कमळ हे हमीदाबींचे छायाचित्र नव्हे.
पान ४१, ओळ ९: 'एका दाईच्या मदतीने' ऐवजी
'गंगव्वा उळ्ळागड्डी हिच्या हाताखाली' असे वाचावे.
तसेच त्याच ओळीत, जागा असल्यास, पुढील मजकूर वाढवावा:
तिने डॉक्टरांना जेवलात का असे विचारले.
पान ४२: चादरीचा भाव नजरचुकीने जुना छापला आहे.