घरात कुणाला?

शरणपूर रोडवरच्या दवाखान्यात
शाल्मलीचा डावा हात टेबलावर उताणा.
नर्सनं निळ्या पेनानं त्यावर आकडे टाकले,
मोजणीवाले दगडांवर टाकतात तसे, एक ते चौदा.
प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, एक बारीक टोचणी.
"खाजवायचं नाही हं, पंधरा मिनिटं."
सात वर्षांच्या पोरीला पंधरा मिनिटं म्हणजे
पावसाळ्यातली अख्खी सुट्टी घरात.

तेवढ्यात डॉक्टर खैरनारांनी फॉर्म सरकवला.
पहिलाच प्रश्न : घरात कुणाला?

माझ्या वडिलांना तांबट आळीत 'सतरा शिंका' म्हणत.
पहाटे भट्टी पेटायच्या आधी सुरू व्हायचे
आणि शेजारचे अंथरुणातूनच मोजायचे.
एखाद्या दिवशी पंधरावर थांबले
तर समोरच्या काकू विचारायच्या, बरं नाही का आज?
हा आजार आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.
आम्हाला वाटायचं, स्वभाव.

आत्याच्या अंगावर वांग्यानं गांधी उठायच्या.
पंगतीत ती पानावर आडवा हात धरायची,
लोक म्हणायचे, नखरे फार.
माझी कोपरं आतून सोललेली, दहावीपर्यंत,
म्हणून मे महिन्यातही लांब बाह्यांचे शर्ट.

फॉर्मवर रेघा दोनच होत्या.
मी समासात लिहीत गेलो.

वैजयंता म्हणाली, आमच्याकडे काही नाही.
मग थांबली.
पिंपळगावच्या बागेत गंधक धुरळायच्या दिवसांत
तिची आई ओट्यावर बसून रात्र काढायची,
पाठीला भिंत, मांडीवर उशी.
"पण ते गंधकानं. सगळ्याच बायकांना ठसका लागायचा."
"लागत असेल," डॉक्टर म्हणाल्या.
"बाकीच्या झोपायच्या ना पण?"

आमचे सव्वीस गुण जुळले होते.
नाडी पाहिली, मंगळ पाहिला,
सातपूरची नोकरी कायम आहे का, तेही पाहिलं.
मुलगा शिंकतो का, कुणी विचारलं नाही.
मुलीची आई आडवी झोपते का, तेही नाही.

डॉक्टर सांगत होत्या, वारशात रोग येत नाही, कल येतो.
आजोबांना धूळ, आत्याला वांगं,
हिला आणखी तिसरंच काही.
दोन्हीकडून आला की शक्यता वाढते,
नक्की असं काहीच नाही.
पुढचं घर ठरवतं.
नाशिकची हवा चांगली, असं आपण पाहुण्यांना सांगतो खरं,
पण गादीतले न दिसणारे किडे, भिंतीची ओल,
मोकळ्या प्लॉटातलं गाजरगवत,
धूर.

धूर म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी फॉर्म उलटला. बारावा प्रश्न :
घरात कोणी धूम्रपान करतं का?
'नाही', मी आधीच लिहून मोकळा झालो होतो.

रात्री साडेदहाला मी गच्चीवर जातो,
पाण्याची टाकी भरली का बघायला.
शाल्मली पोटात होती तेव्हापासून बघतोय.
खाली आलो की तिचं पांघरूण नीट करतो,
तिच्या केसांत तोंड खुपसतो.

'नाही'वर रेघ मारली.
वैजयंतानं वाकून वाचलं.
"टाकी," एवढंच म्हणाली,
आणि पर्सची चेन उगाच उघडून लावली.

पंधरा मिनिटं झाली.
चौथ्या आणि नवव्या आकड्याशेजारी
तुरीच्या डाळीएवढ्या गांधी, भोवती लाल कडं.
"बाबा, मला दोन आल्या!"
बक्षीस लागावं तशी ती हात नाचवत होती.
चार म्हणजे गादीतले किडे.
नऊ म्हणजे गाजरगवत.
"आणि आजोबांचा नंबर कितवा होता?"

सतरा, मी म्हणालो.

तिनं मनगटापासून कोपरापर्यंत
एकेक आकड्यावर बोट ठेवत पुन्हा मोजलं.
"पण इथं तर चौदाच आहेत."