हिरवा ठिपका

टॅबवर गाव तळहाताएवढं.
कमाईच्या दहा टक्क्यांवर बिल गेलं
की घर लाल.

पार्बता कुळमेथे, घर एक्केचाळीस.
सिलिंडरवर प्लास्टिकची फुलं,
चूल मागच्या पडवीत.

"लाइटबिल किती येते?"
"कायचं येते वं बाई! मीटर फिरूच देत नाही मी.
पोरगी लिवाले बसली का लावतो,
वही मिटली का बंद."

आकडा टाकला. थकबाकी शून्य.
ठिपका हिरवा झाला,
अख्ख्या टोल्यात तेवढाच.

मे महिना, झरीकडची दुपार.
ती सुपानं वारा घालत राहिली मला,
स्वतःला नाही.

टॅब दोन टक्क्यांवर आलेला.
खटका समोरच होता.
चार्जर मी पिशवीतच
आणखी खाली सारला.