सोनपाखरू, भीमथडी तालुका

डांबरगोळीचा वास आता माझ्या डब्यातल्या पोळीलाही लागतो.
शिवाजीनगरला, कॉलेजच्या मागच्या दगडी इमारतीत
मी रोजंदारीवर मेलेले किडे मोजते.
खण ओढायचा. फुंकर मारायची नाही
(पहिल्या दिवशी मारली, एका नाकतोड्याची तंगडी उडाली,
अजून सापडलेली नाही).
चिठ्ठी वाचायची, कॉम्प्युटरात भरायची.

भीमथडी तालुका, माळरान, सन एकोणीसशे अकरा.
साहेबाचं अक्षर इंग्रजी, तिरकं,
मुंगी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखं.
टोळ. शेणकिडे. हात जोडलेला प्रार्थनाकीटक, मान गेलेली.
पितळी टाचण्या कळकल्यात,
पोटातून हिरवा कळंक फुटून आलाय.

तो माळ मी नकाशावर शोधला.
शेड, शेड, ट्रक, निळ्या काचांच्या रांगा.
कुसळी कुठे दिसते का म्हणून चित्र मोठं करत गेले,
तर नुसते चौकोन.

मग एक चिठ्ठी उलटी पडली
आणि तिच्या पाठीवर मोडी निघाली.

दफ्तरातून निवृत्त झालेले केंजळे
दर गुरुवारी येतात, भिंग लावून वाचतात, चहा नको म्हणतात, पितात.
‘काशा, टोळ तीन, पैसा एक.’
‘येसू, शेणकिडा, पैसा नाही, गूळ दिला.’
‘काशा पुन्हा. आधीचाच टोळ आणला. हाकलला.’
कोण लिहीत होतं? शिपाई असेल.
साहेबाला हिशेब द्यावा लागत असेल.

खण अठरावा. सोनपाखरू.
एकशे काही वर्षांनी अजून तसंच,
दिव्याखाली धरलं तर हिरवं, कललं तर तांबडं.
मागच्या पायाला काहीतरी चिकटलेलं,
जाळं असेल म्हणून मी चिमटा उचललेला.
जाळं नव्हतं.
दोरा होता. गाठ मारलेला.

मी लहानपणी काड्यापेटीत पाळलेलं असलंच एक,
बाभळीचा पाला घालून.
त्याच्याही पायाला दोरा होता.

केंजळ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, भिंग पुसून तिसऱ्यांदा.
‘ठकी, मेंढक्याची. पैसा घेतला नाही.
परत मागते.’

संकलक, हा रकाना आजवर साहेबाच्या नावानं भरत आले.
आज ‘ठकी’ लिहिलं.
आडनाव आवश्यक आहे, कॉम्प्युटर म्हणाला, लाल अक्षरात.
टिंब दिलं. नाही चाललं.
दोन टिंबं दिली. चाललं.

त्याखाली स्थिती. चार पर्याय:
चांगली, खराब, गहाळ, उसनवार.
केंजळे छत्री शोधत होते.
मी उसनवार निवडलं,
आणि कधीपासून, त्या चौकटीत
साहेबाचीच तारीख टाकली.

परतीची तारीख ते विचारत नाही.
दोरा मी तसाच ठेवलाय.